‘अ‍ॅडजेसंट’ म्हणजे लागून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागा-जमिनींच्या छोट्या जाहिराती मी रोज वाचते. विकत काही घ्यायचं नाही, पण सवय जात नाही. माझे वडील दस्तलेखक होते आणि त्यांच्यानंतर मीही तेच काम केलं, आधी गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर आणि पुढं संगणकावर श्री-लिपीत. खरेदीपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, गहाणखत यांतच आयुष्य गेलं. त्यामुळे कुणी जागेचं वर्णन कसं केलंय याकडे नजर आपोआप जाते.

अलीकडे या जाहिरातींत आणि बिल्डर लोकांच्या चकचकीत पत्रकांत एक इंग्रजी शब्द फार बोकाळला आहे. ‘हायवेला अ‍ॅडजेसंट एनए प्लॉट’, ‘डीपी रोड अ‍ॅडजेसंट’, ‘अ‍ॅडजेसंट टू रंकाळा’. (एनए म्हणजे बिगरशेती, डीपी रोड म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता.) पूर्वी एजंट ‘रोड टच’ म्हणायचे. त्या शब्दाला मी कधी नावं ठेवली नाहीत. शब्द परका असेल, पण अर्थ स्वच्छ आहे : प्लॉटची एक कड रस्त्याला भिडलेली आहे. जागेवर जाऊन बघितलं की खरं-खोटं लगेच कळतं. ‘अ‍ॅडजेसंट’ मात्र तसं कुठलंच वचन देत नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र ते मिळाल्यासारखं वाटतं. त्यासाठी हे पत्र.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘अड’ म्हणजे कडे, जवळ, आणि ‘याकेरे’ म्हणजे पडून असणं. जवळ पडलेलं, जवळ वसलेलं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. दोन वस्तू एकमेकींना शिवल्या पाहिजेत अशी अट त्यात नाही. शिवल्या तरी अ‍ॅडजेसंट, मधे थोडी जागा राहिली तरी अ‍ॅडजेसंट. इंग्रजी जाणणारे त्यात फार तर इतकंच धरतात की दोहोंच्या मधे त्याच जातीची तिसरी वस्तू नसावी. दोन घरांच्या मधे बोळ असला तरी ती घरं अ‍ॅडजेसंट, पण मधे तिसरं घर आलं की नाहीत. प्रत्यक्ष शिवण्यासाठी त्या भाषेत वेगळे शब्द आहेत. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हटलं की कुठंतरी, एखाद्या बिंदूत किंवा रेषेत, दोन्ही जोडलेले हवेत. ‘अबटिंग’ म्हटलं की एकाची कड दुसऱ्याच्या कडेला टेकलेली हवी. ‘कंटिग्युअस’ तर आणखी घट्ट, तिथं बरीचशी बाजू एकमेकांना लागते. इंग्रजी दस्त लिहिणारे जाणकार वकील हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे वापरत नाहीत.

कोल्हापूरकरांना हा फरक गावातच दिसेल. केशवराव भोसले नाट्यगृह आणि खासबाग मैदान एकमेकांना लागून आहेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा मैदानाचं काय होणार या काळजीनं पेठेतली माणसं धावली ती त्यामुळेच. हे अ‍ॅडजॉइनिंग. रंकाळ्याच्या काठानं गेलेल्या रस्त्याच्या पलीकडची घरं रंकाळ्याला अ‍ॅडजेसंट म्हणता येतील, कारण मधे रस्ता आहे, दुसरं तळं नाही. आणि फुलेवाडीतल्या एखाद्या फ्लॅटच्या गॅलरीतून तळ्याचं पाणी दिसतं, त्यालाही पत्रकात अ‍ॅडजेसंटच म्हणतात. पत्रकवाले तिन्ही ठिकाणी हा एकच शब्द लावतील. पैसे मोजणाऱ्याच्या दृष्टीनं तिन्ही जागा अगदी वेगळ्या आहेत.

मग शिकल्यासवरल्या माणसालाही ‘अ‍ॅडजेसंट’ म्हणजे ‘चिकटून’ असंच का वाटतं? मला वाटतं, याचं कारण शाळेच्या भूमितीत आहे. तिथं ‘अ‍ॅडजेसंट अँगल्स’ म्हणजे संलग्न कोन, आणि संलग्न कोनांचा शिरोबिंदू एक हवा, एक भुजा सामाईक हवी. काटकोन त्रिकोणात कोनाची ‘लगतची बाजू’ शिकवतात, तीही त्या कोनाला भिडलेलीच असते. गणितात हा शब्द खरोखरच शिवण्याच्या अर्थानं ठरवून घेतलेला आहे आणि तिथं तो बरोबर आहे. पण दहावीला पक्का झालेला तो अर्थ घेऊन आपण चाळिशीत प्लॉट बघायला जातो आणि पत्रक वाचतो. पत्रक छापणाऱ्यानं मात्र शब्द गणिताच्या वहीतून घेतलेला नसतो.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. शहराच्या हद्दीबाहेर, उपनगरात, त्यांनी मुलासाठी प्लॉट घेतला. पत्रकावर ठळक इंग्रजीत छापलं होतं की प्लॉट अठरा मीटर डीपी रोडला अ‍ॅडजेसंट आहे. जागेवर गेल्या तेव्हा सगळीकडे गवत वाढलेलं होतं, चुन्याची फक्की टाकलेली होती, रस्ता समोर दिसत होता. दस्त मी लिहिलेला नव्हता. तो माझ्याकडे आला तो सगळं झाल्यावर, त्यांना बांधकाम परवान्यासाठी पोहोच रस्ता दाखवायची वेळ आली तेव्हा. चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चार दिशांना काय आहे ते सांगणाऱ्या चार ओळी, वाचली. उत्तरेस लिहिलं होतं : ‘डीपी रस्त्यालगतची मोकळी जागा’. रस्ता नव्हे, रस्त्यालगतची मोकळी जागा. प्लॉट आणि रस्ता यांच्या मधे जेमतेम दीड-दोन मीटरची पट्टी होती आणि ती मूळ मालकानं स्वतःच्या नावावर राखून ठेवली होती. बाई दलालाकडे गेल्या. तो म्हणाला, “मॅडम, अ‍ॅडजेसंट लिहिलंय. टच कुठं लिहिलंय?”

त्याचं बोलणं ऐकून मला संताप आला, अजूनही येतो. पण शब्दकोश उघडून भांडायला बसलं तर तो शब्दाच्या बाबतीत खोटं बोलत नव्हता. शेवटी त्या पट्टीचे वेगळे पैसे द्यावे लागले, तेही भविष्य निर्वाह निधीतले. एवढी शिकलेली, आयुष्यभर मुलांना शिकवलेली बाई एका शब्दापायी फसते, मग शेत विकून गावाबाहेर दोन गुंठे घेणाऱ्यानं काय करायचं?

आपला कायदा या बाबतीत किती दक्ष आहे ते लोकांना माहीत नसतं. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं २१ वं कलम सांगतं की मिळकत ओळखू येईल असं वर्णन असल्याखेरीज दस्त नोंदणीला घ्यायचा नाही. शहरातलं घर असेल तर ते ज्या रस्त्याकडे तोंड करून आहे त्या रस्त्याचं नाव लिहायचं, आणि घर रस्त्याच्या उत्तरेला आहे की आणखी कुठल्या बाजूला तेही लिहायचं. सध्या कोण राहतं, आधी कोण राहत होतं, घराला नंबर असला तर तो, हेही आलं. बाकीच्या जमिनींसाठी क्षेत्रफळाबरोबर ती ज्या रस्त्यांना आणि मिळकतींना टेकते त्यांचा उल्लेख करायला सांगितलं आहे. इंग्रजी कलमात तिथं शब्द ‘अबट’ आहे. कायदा करणाऱ्यांनी अ‍ॅडजेसंट हा सैल शब्द तिथं वापरलेला नाही. चतुःसीमा आणि क्षेत्रफळ यांचा मेळ बसला नाही, तर साधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन देण्याकडे न्यायालयांचा कल असतो, कारण मोजणीत आणि आकड्यांत चूक होऊ शकते, पण ओढा, रस्ता, शेजाऱ्याचा बांध जागेवर उभे राहून दाखवता येतात. म्हणून तर त्या चार ओळी आम्ही इतक्या जपून लिहायचो.

दुसरा कायदा १९४७ चा, ज्याला सगळे तुकडेबंदी म्हणतात. त्यात तुकडा (ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान जमीन) म्हणून नोटीस दिलेली जमीन लगतच्या सर्व्हे नंबरच्या किंवा हिश्श्याच्या मालकालाच देता येईल, असं सातवं कलम म्हणतं. या कायद्यात पुढं सवलती येत गेल्या, तरी ‘लगतचा खातेदार’ हा शब्द तलाठ्याच्या चावडीत अजून रोज ऐकू येतो. इंग्रजी कलमात तिथं ‘कंटिग्युअस’ आहे, म्हणजे हद्दीला हद्द लागलेला. तिथं कुणी अ‍ॅडजेसंट लिहिलं तर विकत घ्यायचा हक्क असलेली माणसंच बदलतील.

आता आपल्या मराठी ‘लगत’बद्दल बोललं पाहिजे, कारण दोष एकट्या इंग्रजीचा नाही. ‘लगत’ हा ‘लागणे’तून आलेला शब्द, पण वापरून वापरून तोही सैल झाला आहे. रस्त्यालगतचं झाड रस्त्याला चिकटलेलं असतंच असं नाही. बोलीत मात्र आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत! पेठेत घराला घर खेटून असतं, मधे सामाईक भिंत. शेतात बांधाला बांध लागलेला असतो. मग शेजारी, मग जवळ, मग रस्त्याच्या अंगाला, मग पलीकडच्या अंगाला. वडणग्याचे एक म्हातारे शेतकरी वाटणीपत्राला आले होते. पूर्वेला काय, असं विचारल्यावर म्हणाले, “पूर्वेला पाणंद हाय ताई. पाणंदीच्या पल्याड चुलत्याचं रान.” कुठल्या वकिलानं सांगितलं नसताना त्यांनी आधी पाणंद सांगितली आणि मग चुलता. जे शिवतं ते पहिलं. ‘चुलत्याच्या रानालगत’ असं मी लिहिलं असतं तर पाणंद कागदावरून नाहीशी झाली असती आणि पुढच्या पिढीत त्या पाणंदीवरून बैलगाडी कुणी न्यायची यावर तहसीलदारांपुढं केस उभी राहिली असती. अशा केसेस करवीर तालुक्यात काही कमी नाहीत.

माझे वडील सांगायचे, “माणूस चतुःसीमा हातानं दाखवतो. हात पहिल्यांदा कुठं अडतो ते बघ आणि ते लिही.” मोडीतले जुने कागद त्यांच्याकडे वाचायला येत. त्यांतही चार दिशा आणि चार वस्तू एवढंच असे. खरेदीपत्रातली ती ठेवणीतली भाषा अनेकांच्या कानावर असेल : ‘येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’. लोक तिला हसतात. मला ती आवडते, कारण त्या चार ओळींत स्थान सांगणारं विशेषण एकही लागत नाही. ‘पूर्वेस : पाणंद. दक्षिणेस : अमुक यांची मिळकत.’ दिशेला लागलेला तो ‘स’ सगळं काम करतो. जी वस्तू लिहिली ती हद्दीवरच आहे, हे त्यात आलंच.

भाषांतर करताना नेमकी अडचण इथंच होते. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं आता इथं चालतात. किती वर्षांची मागणी होती ती! त्या आंदोलनात वकिलांबरोबर आम्ही दस्तलेखक, टंकलेखक, झेरॉक्सवालेसुद्धा होतो, आणि आज भाऊसिंगजी रोडवरची वर्दळ बघून ऊर भरून येतो. पण खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी ठरलेली आहे आणि उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजी. म्हणजे सहा जिल्ह्यांतली खरेदीपत्रं, वाटणीपत्रं, पंचनामे आता इथं इंग्रजीत करून द्यावे लागतात. त्या कामाला पुष्कळ तरुण मुलं-मुली लागली आहेत. काही माझ्याकडे जुने शब्द विचारायला येतात, आणि मला त्यांचं फार कौतुक आहे.

पण त्यांच्या कागदांत मला सगळीकडे अ‍ॅडजेसंट दिसतो. ‘लगत’ आला की अ‍ॅडजेसंट, ‘लागून’ला अ‍ॅडजेसंट, ‘शेजारी’लाही तोच. इतकंच काय, मूळ दस्तात नुसतं ‘उत्तरेस : बोळ’ असेल तर इंग्रजी वाक्य पुरं वाटावं म्हणून मधे तोच शब्द घातलेला असतो. घाई असते, तारीख जवळ आलेली असते, मोबाइलमध्ये मजकूर टाकला की तोच शब्द पुढं येतो. हद्दीच्या वादात मात्र याचा परिणाम गंभीर आहे. मूळ मराठीत वादीची भिंत बोळाला लागून आहे, आणि इंग्रजी वाचणाऱ्या न्यायमूर्तींपुढं ती बोळाच्या जवळपास आहे. मधे कुणाची जागा आहे का, असा प्रश्न तिथं उभा राहू शकतो, जो मूळ कागदात नव्हताच. समोरच्या बाजूचा हुशार वकील तो उभा करणारच. त्याचं ते कामच आहे.

या मुलांना मी जे तोंडी सांगते ते इथं लिहिते. चतुःसीमेसाठी इंग्रजी दस्तांत फार जुनी, रुळलेली रचना आहे : ‘बाउंडेड ऑन द ईस्ट बाय’, आणि पुढं जी वस्तू असेल ती. आपल्या ‘पूर्वेस’चं हे चोख इंग्रजी, तिथं दुसरा शब्द घालायची गरजच पडत नाही. मूळात ‘लागून’, ‘खेटून’ असेल तिथं अ‍ॅडजॉइनिंग लिहा, आणि त्याच्यापुढं ‘टू’ लावू नका. ‘टू’ अ‍ॅडजेसंटला लागतो. रस्त्याला टेकलेली कड असेल तर अबटिंग लिहा. मूळात ‘लगत’ असेल तर थांबा. जुना नकाशा, मिळकत पत्रिका, गटाचा नकाशा बघा, पक्षकाराला विचारा, मधे काही आहे का. कागदावरून ठरत नसेल तर ‘लगत’ तसाच देवनागरी ठेवून खाली टीप द्या. अ‍ॅडजेसंटला हद्दपार करा असं मी म्हणत नाही. वस्तू खरंच जवळ आहे पण शिवत नाही, किंवा शिवते की नाही हे सांगायचंच नाही, तिथं तो अगदी योग्य शब्द आहे. देवळाजवळ, तालमीजवळ, तिकटीजवळ असा पत्ता सांगायला त्याच्याइतका सोयीचा दुसरा नाही.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी एवढंच : पत्रक बाजूला ठेवा आणि खरेदीपत्राच्या मसुद्यातल्या चार दिशा वाचा. ज्या बाजूला रस्ता आहे असं तुम्हाला सांगितलं, त्या बाजूला ‘रस्ता’ हाच शब्द हवा. ‘रस्त्यालगतची जागा’, ‘रस्त्याकडील शिल्लक क्षेत्र’, ‘मूळ मालकाची उर्वरित मिळकत’ असं काही दिसलं तर सही करू नका. रस्त्याची रुंदी लिहून घ्या आणि तो रस्ता मंजूर नकाशावर आहे का ते बघा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, हे सगळ्यांना पाठ असतं आणि त्यावरून घासाघीसही होते. त्यातली अर्धी चौकशी जरी उत्तरेला काय आहे यासाठी केली तरी पुष्कळ पैसा वाचेल.

आपल्याकडे, संपादक महोदय, दोन मागण्या आहेत. जाहिरात विभागानं जमिनीची जाहिरात घेताना देणाऱ्याला एक प्रश्न विचारावा : प्लॉट रस्त्याला लागून आहे का? असेल तर ‘रोड टच’ किंवा ‘रस्त्याला लागून’ छापा. नसेल तर रस्त्यापासून किती मीटर ते छापा. पैसे देऊन जाहिरात करणाऱ्याला हे जड जाऊ नये.

दुसरी मागणी वकिलांनी दिलेल्या जाहीर नोटिसांबद्दल. पूर्वी त्यांत चतुःसीमा पूर्ण असे. आता ओळींचे पैसे वाचवायला नुसता गट नंबर आणि क्षेत्र देऊन पुढं ‘चतुःसीमा दस्ताप्रमाणे’ एवढंच छापतात. दस्त तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आहे. ज्याचा बांध त्या जमिनीला लागतो, ज्याची वाट तिथून जाते, त्याला ही नोटीस आपल्याशी संबंधित आहे हे कसं कळणार? खेड्यातल्या कित्येक बायकांना नवऱ्याच्या मागं आपल्या जमिनीचा गट नंबरही ठाऊक नसतो. पूर्वेला कुणाचं रान, पश्चिमेला कुठला ओढा, हे मात्र त्या झोपेतही सांगतील. त्या चार ओळींचे पैसे आपण घेऊ नका, पण त्या छापल्याशिवाय नोटीस स्वीकारू नका. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती नोटीस छापल्या दिवसापासून मोजली जाते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त दस्तलेखिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर